खालचा कप्पा

पुस्तकातून केसांची पिन पडली आणि माझा संशय जागा झाला. काळी पिन, टोकाला निळा चमकता मणी. पुस्तक आत्याचं, धारहून आलेलं, आणि आत्याच्या डोक्यावर अशी पिन लावण्याजोगे केस उरलेले नाहीत. तिचा सुपारीएवढा अंबाडा एका साध्या आकड्यावर बसतो. मग ही नखरेल पिन कुणाची? दुसरं कोण असणार, खालची भाडेकरीण.

मी स्वभावानेच संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाला "आज दूध एकदम गाढा है, दीदी" म्हणाला की मी पातेलं उजेडात धरून बघते. घरचे मला इन्स्पेक्टर म्हणतात. म्हणोत बापडे. घरात एकाने तरी डोळे उघडे ठेवायला हवेत, नाहीतर लोक कोपराला गूळ लावून जातात आणि आपण चाटत बसतो.

मी राहते देवासला, टेकडीच्या पायथ्याशी. आत्या धारला. मध्ये इंदूर पडतं, तिथे बस बदलायची. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिने लग्न केलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिची सारी नोकरी झाली; ट्रंक कॉलच्या काळात कानाला यंत्र लावून ती इकडचा माणूस तिकडे जोडून द्यायची. अर्ध्या गावाचे सोयरेसंबंध, भांडणं, मयती तिच्या कानावरून गेल्या, पण तोंडून एक शब्द बाहेर आला नाही. आम्ही फारच मागे लागलो तर एवढंच म्हणायची, "एका बाजूचं ऐकून ज्याला सगळी गोष्ट कळली असं वाटतं, त्याच्याएवढा गाढव दुसरा नाही." निवृत्त व्हायच्या आधी तिने स्वतःचं दुमजली घर बांधलं. वर ती, खाली भाडेकरू, आणि बाहेरच्या अंगाने जिना.

आम्हा दोघींचं नातं रक्ताचं कमी आणि खुनाचं जास्त. मी परकरात होते तेव्हापासून ती मला रहस्यकथा पुरवत आली. "पोरीला बिघडवू नका हो, वन्सं," असं आई म्हणायची, आणि आत्या म्हणायची, "वहिनी, बिघडलेली पोरगी निदान फसत तरी नाही." शाळेत मी पुढे हिंदी शिकवलं, पण घरात जीव मराठी पुस्तकांत. आमच्या या मुलखात मराठी छापील पुस्तक सहजासहजी मिळत नाही. कुणी पुण्याला लग्नाला जाणार म्हटलं की आम्ही दोघी त्याला पिशवी देतो. ती पुस्तकं मग धार-देवास, देवास-धार अशी फिरत राहतात, कधी मी नेऊन देते, कधी कुणा जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती येतात.

आत्याच्या लाकडी कपाटात तीन कप्पे आहेत. वरच्यात हौशी. म्हणजे निवृत्त हेडमास्तर, पापड लाटणारी विधवा, पोस्टातला कारकून, ज्यांना कुणी विचारलेलं नसतं तरी जे खुनात नाक खुपसतात आणि पोलिसांच्या आधी खुनी पकडतात. मधल्या कप्प्यात पगारी. हे नुसते गुप्तहेर, बूट वाजवत येतात, बरोबर एक बावळट सोबती असतो. आणि खालच्या कप्प्यात देवदूत. हे नाव आत्याचंच. पंखवाले नव्हेत. एखादा खिसेकापू, एखादी तोंडाळ खानावळवाली, एखादा बदनाम वैद्य, जो पुस्तकभर संशयात असतो आणि शेवटी कुणाचा तरी जीव वाचवून, कुणी आभार मानायच्या आत निघून जातो, तसल्यांची पुस्तकं.

मला तो खालचा कप्पा कधी पटला नाही. फुकटात कोण कुणासाठी काय करतं? मी तसं म्हटलं की आत्या म्हणायची, "तुला नाही पटायचा. खरा देवदूत शेवटून दुसऱ्या पानापर्यंत चोरच दिसला पाहिजे. तू तर त्याला पहिल्या पानावरच फाशी देऊन मोकळी होतेस."

आमचा एक रिवाज होता. खुनी कोण हे जिथे कळलं, त्या पानाचा कोपरा दुमडायचा. आत्याने वरचा, मी खालचा. पुस्तक हाती आलं की आधी कोपरे ताडून बघायचे. बहुतेक वेळा तिचा कोपरा माझ्या बराच आधी असायचा, आणि त्यावरून ती मला फोनवर यथेच्छ चिडवायची.

तर त्या पिनेच्या पुस्तकात वरचा कोपरा कुठेच दुमडलेला नव्हता. मी आधीची दोन पुस्तकं काढली. त्यांतही नाही. मी लगेच फोन लावला.

"आत्या, पुस्तक वाचलंस का गं?"

"वाचलं की."

"मग कोपरा कुठंय?"

"खूण ठेवलीय ना. बघ नीट."

मी पान न् पान चाळलं. खूण नाही, काही नाही. आणि फोनमध्ये मागे कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या, कुणीतरी खुदकन हसलं. हल्ली आत्याला कधीही फोन करा, पहिला "हलो" त्या भाडेकरणीचाच. व्हिडिओ कॉल करू म्हटलं तर आत्या म्हणते, "माझं थोबाड काय बघायचंय आता." पुस्तकांच्या पानापानांत पाणी मुरतंय, आणि ते खालच्या मजल्यावरून चढतंय, असं मला स्पष्ट दिसायला लागलं.

भाडेकरीण मूळची कुक्षीची. मराठीच, आमच्यासारखंच मराठा संस्थानिकांच्या दरबाराबरोबर इकडे आलेलं जुनं घराणं, पण शाळा सगळी हिंदीत. नवरा बदनावरला मंडीत सोयाबीनच्या कामाला, सकाळी जातो, संध्याकाळी येतो. पोरगी चुणचुणीत, तोंडाने गोड. मला गोड बोलणाऱ्यांची आधीच भीती वाटते. तिची मराठी ऐकून तर माझ्या अंगावर काटा यायचा. "ताई, मी चहा बनवून राहिले, तुम्ही बसा ना." "वरची चाबी माझ्याकडे आहे." मी सांगायचे, चाबी नव्हे, किल्ली म्हणावं. ती हसून "हो ना, किल्ली" म्हणायची आणि पुढच्याच वाक्याला पुन्हा चाबी. वयाने माझ्या मुलीएवढी, पण मी तिला मुद्दाम अहो-जाहो करायचे. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याला आधी मान द्यावा, म्हणजे तो गाफील राहतो. हे वरच्या कप्प्यातलं शिक्षण.

पिन पाकिटात घालून मी धारला गेले. न सांगता गेले. चौकशी कुणी कळवून करत नाही.

ती जिन्याच्या तोंडाशीच भेटली. "अरे ताई, सांगितलं नाही तुम्ही, येऊन राहिल्या म्हणून." कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि त्यात आत्याच्या पुस्तकांच्या कपाटाची पितळी किल्ली. ती मी लांबूनच ओळखली. लहानपणी ती मिळवायला मी आत्याचे पाय चेपलेत. केसांत निळ्या मण्यांच्या पिना होत्याच. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. मी नुसती हसले.

वर आत्या पलंगावर बसली होती. "कोण?" म्हणाली. मी दारात उभी, मागून ऊन. म्हटलं तिरीप आली असेल. "मी गं," म्हटल्यावर तिचा चेहरा खुलला. जवळ बसवून घेतलं, पाठीवरून हात फिरवला, देवासचं सगळं विचारलं. पण माझ्या डोळ्याला डोळा म्हणून दिला नाही. बोलायची माझ्याशी आणि बघायची माझ्या कानाकडे. मी सरकून समोर बसले तर ती मान वळवून पुन्हा कानाकडे. आत्या, जिने आयुष्यात कुणापुढे नजर खाली घातली नाही, ती असं करते? आमच्या पुस्तकांत असं दोनच माणसं करतात. ज्याने काही लपवलंय तो, नाहीतर ज्याला कुणी धाकात ठेवलंय तो.

चहा आला. भाडेकरणीने कप टेबलावर ठेवला नाही, आत्याचा हात धरून तिची बोटं कपाच्या कानात अडकवून दिली. तरी थोडा चहा बशीत सांडलाच. आत्याचा हात असा कधी अडखळत नसे. माझ्या मनात नको ते आलं. गुंगीचं औषध. ती खाली गेल्यावर मी आत्याच्या कपातला एक घोट घेऊन बघितला. आलं जास्त झालं होतं, बाकी काही कळलं नाही. पण न कळणारी औषधंही असतातच की.

संध्याकाळी तिचा नवरा टेप घेऊन वर आला आणि पुस्तकांचं कपाट मोजायला लागला. उंची घेतली, रुंदी घेतली, मग दाराची चौकट मोजली.

"क्या भिया, काय चाललंय?" मी विचारलं.

"कुछ नहीं दीदी, ऐसे ही. आत्यांनी सांगितलं होतं."

मी आत्याकडे बघितलं. ती म्हणाली, "वाळवी लागलीय का बघतोय तो." वाळवी टेपने मोजतात हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

तो गेल्यावर मी सरळ विषयाला हात घातला. "आत्या, चल माझ्याकडे देवासला. खोली रिकामी आहे. एकटी कशाला राहतेस इथे परक्यांच्या भरवशावर?"

ती एकदम ताठ बसली. "मी कुठे जाणार नाही. हे घर मी बांधलंय. कुठे किती पावलांवर काय आहे ते मला झोपेत सांगता येतं. तुझ्याकडे मी पाहुणी, मग आजारी, मग ओझं. मला या घरातनं काढलंत तर त्यानंतरचं जगणं मी धरणार नाही, लक्षात ठेव." तिला एवढं घाबरलेलं मी कधी बघितलं नव्हतं, आणि मला वाटलं, मी तर फक्त चल म्हटलं. हिला दुसराच कुणीतरी काढायला निघालाय, म्हणून ही अशी दचकते. त्याच क्षणी मी ठरवलं की हिच्या हातातनं हे घर कुणाला घेऊ देणार नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते तिने बघितलं नाही. कानाकडेच बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाऊन मी निघाले. एरवी आत्या फाटकापर्यंत येते. या वेळी वरच्या पायरीवरूनच हात केला. "गुडघे गं," म्हणाली. मी अर्धा जिना उतरले आणि थबकले. खाली नळाशी भाडेकरीण पाठमोरी उभी, फोन खांद्यात धरलेला, हाताने बादली विसळत होती. आईशी बोलत असावी.

"भाऊला रविवारी सकाळीच पाठव ना आई. आत्यांचं घर खाली करायचंय... हो, सगळंच. कपाट जड आहे, यांच्या एकट्याने नाही व्हायचं... नाही, देवासच्या ताईंना आत्ता नाही सांगायचं. एकदा होऊन गेलं की मग काय करतील त्या."

जिन्याचा कठडा मी घट्ट धरला. घर खाली करायचंय. म्हाताऱ्या बाईचं घर, रविवारी सकाळी, कुक्षीहून माणसं आणून. पिन, किल्ल्या, टेप, चहा, कानाकडची नजर, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. आणि एवढ्या संतापातही माझ्या मनात आलंच की बाई, एवढा कट शिजवतेस तर निदान "रिकामं" तरी म्हण. खाली काय खाली, ही काय मराठी झाली.

मी चपलांचा आवाज करत उतरले. "निघते हं," म्हटलं. "या हं ताई, फिरून या," ती म्हणाली. गोगलगाय नि पोटात पाय, दुसरं काय.

बसमध्ये मी डोकं शांत ठेवून विचार केला. पोलिसांत जाऊन काय सांगणार? हौशी माणसाचं पोलीस ऐकत नाहीत, हे वरच्या कप्प्यातल्या एकूण एक पुस्तकात लिहिलंय. आत्याला फोन करावा तर उचलणार तीच. आत्याला सावध करायची सोय नाही, आणि ती धाकात असेल तर खरं बोलायचीही नाही. इंदूर यायच्या आत माझा बेत ठरला. त्यांनी घर खाली करायच्या आत आपणच आत्याला तिच्या कपाटासकट उचलायचं. देवासला आणून एकदा सुरक्षित केली की मग त्या दोघांकडे बघून घेऊ. ती नाही म्हणेल, रडेल. रडू दे. जीव वाचल्यावर माणूस हसतोच.

रविवारी मी टेम्पो केला. दोरखंड, जुन्या चादरी, रिकामी खोकी घेतली. अगदी लवकर निघायचं ठरलं होतं, पण टेम्पोवाला पोहे-जलेबी खाल्ल्याशिवाय देवास सोडेना. "दीदी, भूखे पेट गाड़ी नहीं चलती," म्हणाला. मी सगळ्या रस्त्याने त्याला मनातल्या मनात शिव्या देत आले. धारला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं.

फाटकातच मी थांबले. अंगणभर सामान. दिवाण, गाद्या, मिक्सर, कपड्यांची बोचकी. त्यांचं. म्हणजे वर घुसायची तयारी झालीसुद्धा. मी टेम्पोवाल्याला थांबायला सांगितलं आणि धावत जिना चढले.

वर काही नव्हतं. पलंग नव्हता, देव नव्हते, कपाट नव्हतं. कपाटाच्या जागी भिंतीवर तेवढा उजळ चौकोन राहिला होता आणि जमिनीवर झाडू पडला होता. "आत्या," मी हाक मारली. माझाच आवाज खोलीत फिरून आला. मला रडू फुटलं. उशीर झाला, पोहे-जलेबीपायी उशीर झाला. कुठे नेली असेल हिला? तशीच कठड्याला धरून उतरले.

अर्ध्या जिन्यात मला खालून कुणीतरी वाचत असल्याचा आवाज आला. संथ, अडखळत, एकेका जोडाक्षराला ठेचकाळत. "तेव्हा... त्या वृद्... वृद्धेने... दाराची... आत्या, हे काय आहे? अडसर?"

"अडसर. दाराला आतून लावतात तो. पुढे वाच."

मी खालच्या दारात जाऊन उभी राहिले. पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, आत्याचा पलंग. पलंगाशेजारी तिचं कपाट, तिन्ही कप्पे जागच्या जागी. कोपऱ्यात देव बसलेले, त्यांना फुलंसुद्धा वाहिलेली. आत्या उशीला टेकून बसली होती आणि ती पोरगी जमिनीवर मांडी घालून पुस्तक वाचत होती. निळ्या मण्याची एक पिन तिने दातात धरली होती. मागे तिचा नवरा आणि भाऊ घामाघूम होऊन पाणी पीत होते.

"हे काय चाललंय?" मी म्हटलं. "घर खाली करायचं म्हणत होतात ना तुम्ही? माझ्या या कानांनी ऐकलंय मी."

पोरीने दातातली पिन काढली. माझ्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. तिला काही समजेना. "हो ना ताई," ती म्हणाली, "केलं ना." आणि तिने बोटाने जमीन दाखवली. "वर होतं, खाली केलं. आत्यांना जिना नाही होत. आता आम्ही वर चाललो."

खाली. वरच्या विरुद्ध खाली. मराठीतलं, शाळेच्या पहिल्या इयत्तेतलं खाली. जन्मभर लोकांच्या चाब्यांच्या किल्ल्या करत आले मी, ती पोरगी नेमका एक शब्द चोख मराठीत बोलली, आणि तोच मी हिंदीत ऐकला. हसू आलं नाही मला. कानशिलं तापली.

"बाहेर टेम्पो कसला वाजतोय?" आत्याने विचारलं.

"मी आणलाय."

"कशाला?"

मला उत्तर द्यायचं नव्हतं. पण ती एक्स्चेंजची बाई, गप्प बसलेल्या माणसाचंही तिला ऐकू येतं. "असं होय," ती म्हणाली. आणि मग शांतपणे, जसं आमच्या पुस्तकांत शेवटी सगळ्यांना बसवून सांगतात तसं, तिने सांगितलं. डोळ्यांचं मधलं गेलं होतं. कडेकडेचं दिसतं, समोरचं पुसट होतं. अक्षर तर दिसतच नाही. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आहे तेवढं सांभाळा. ही पोरगी घेऊन गेली होती. जिन्यावरून आत्या दोनदा घसरली. दुसऱ्यांदा हिने धरलं नसतं तर आज घर वर की खाली हा प्रश्नच उरला नसता. किल्ल्या तिनेच हिच्या कमरेला दिल्या, कारण स्वतः ठेवलेल्या तिला सापडत नाहीत. खाली यायची युक्तीही आत्याचीच, आणि मला न सांगायचा हुकूमही.

"पुस्तकं ही वाचते," आत्या म्हणाली. "कासवाच्या चालीने वाचते. पण तिला पुढचं माहीत नसतं आणि मला दिसत नाही, मग दोघी मिळून शोधतो. मला खुनी कळला की ती तिथे खूण ठेवते; आधी कागदाचे कपटे घालायची, ते गळून पडायचे, म्हणून आता पिन लावते. कोपरा दुमडू देत नाही. म्हणते, पुस्तक खराब होतं. तुझ्या त्या पुस्तकात पिन कितव्या पानावर होती?"

"पडली," मी म्हटलं. "उघडताना खाली पडली."

"म्हणजे पुरावा तूच पाडलास. म्हटलं होतं ना, खूण ठेवलीय, नीट बघ."

पोरगी हळूच हसली. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. माझा राग अजून कुठेतरी जाऊन पडायला बघत होता, तो मी आत्यावर टाकला. "मला का नाही सांगितलंस? मी कोण, परकी? परवा इतका वेळ तुझ्यासमोर बसले, आणि तू नजर चुकवत होतीस माझी."

"चुकवत नव्हते गं." तिने हात पुढे केला, मी तो धरला. "समोर बघितलं की तू पुसली जातेस. कानाकडे बघितलं तर कडेने चेहरा दिसतो. तुलाच बघत होते मी."

तिचा हात गार होता, पण पकड घट्ट होती.

"आणि का नाही सांगितलं म्हणशील," ती पुढे म्हणाली, "तर हिला सांगितलं, तेव्हा हिने पुस्तक उघडलं. तुला सांगितलं असतं तर तू टेम्पो आणला असतास." मग म्हणाली, "न सांगता आणलासच. सगळ्या धारमध्ये माझं घर रिकामं करायला आज एकच माणूस आलाय."

ती रिकामं म्हणाली. खाली म्हणाली नाही. मुद्दामच म्हणाली, मला माहीत आहे.

बाहेर टेम्पोवाल्याने पुन्हा हॉर्न दिला. आत्याने माझा हात सोडला. "त्याला परत पाठव," ती म्हणाली, "आणि येऊन बस. खालच्या कप्प्यातलं पुस्तक आहे, तुला आवडत नाही ठाऊक आहे मला. पण शेवटून दुसरं पान चाललंय, आणि हिला जोडाक्षरं अडतात. तू वाच."

त्या पोरीने पुस्तक माझ्या हातात दिलं. वाचत होती ते पान हरवू नये म्हणून तिने तिथे निळ्या मण्याची पिन लावली. "पिन पाडू नका हं ताई," म्हणाली.

मी पुस्तक तसंच घेऊन फाटकापाशी आले. टेम्पोवाला दोरखंड सोडून उभा होता. "दीदी, क्या-क्या भरना है?"

"कुछ नहीं भिया," मी म्हटलं. "खाली ले जाओ."

या वेळी तो शब्द हिंदीतलाच होता. तो कुरकुरत निघून गेला. मी अंगणातल्या त्यांच्या गाद्यांना वळसा घालून दारात आले, चपला काढल्या, आत्याच्या पायाशी बसले आणि पिनेपासून पुढे वाचायला लागले. मधूनमधून मी वर बघायचे. ती माझ्या कानाकडे बघत होती.